परसातले बोर
(जिल्हा बैठकीत झालेले भाषण)



आजच्या पत्रिकेवर कापसाचा भाव आहे, ज्वारीची खरेदी आहे, पीककर्ज आहे. त्यांच्या रांगेत 'परसातले बोर' हा विषय पाहून काहीजण हसले. एका भावाने विचारलेच, "आता काय बोरे विकून आंदोलन करायचे?" म्हणून आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. दारातल्या झाडाने कापसाचे कर्ज फिटत नाही. शेतकऱ्याने भाव मागितला की 'फळझाडे लावा, जोडधंदा करा' असे सांगणारे खूप आहेत. आम्ही त्यांच्यापैकी नाही. भावाची मागणी आहे तिथेच आहे आणि तिथेच राहील.

मग बोर कशासाठी? शेतात काय पेरायचे ते पाऊस, बाजार आणि कर्ज देणारा ठरवतो. परसात काय लावायचे ते घरातली बाई ठरवते. 1991 साली शेगावच्या मेळाव्यात शरद जोशींनी चतुरंग शेती मांडली, तेव्हा पहिले नाव सीताशेतीचे घेतले होते. घरच्या बाईच्या हातातला तुकडा, तिच्या निर्णयाने चालणारा. असा एखादा गुंठा आजही आपल्या बहुतेक घरांमागे आहे. तिथे बहुधा तुराट्या, पऱ्हाट्या आणि उकिरडा असतो. तिथे पाण्याच्या भरवशाशिवाय टिकेल असे एक फळझाड लावायचे, तर ते बोर.

आपल्याकडे द्राक्षाची आणि संत्र्याची हौस फार. पण चैत्रात विहीर आटली की ही झाडे आपल्या आधी मान टाकतात. बोराचे तसे नाही. त्याचे सोटमूळ खोल जाते. उन्हाळ्यात ते पाने गाळून गप्प बसते. मृगाचा पाऊस पडला की नवी फूट येते, भादव्या-आश्विनात फुलोरा येतो, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत फळ भरते. कडक उन्हात, पाणी सर्वांत कमी असते तेव्हा, हे झाड पाणी मागतच नाही. संक्रांतीच्या सुगडात आणि लेकरांच्या बोरन्हाणात बोर आले ते उगीच नाही. त्या दिवसांत कोरडवाहू गावात फुकट मिळणारे फळ हेच होते.

आता निवडीचे बोलू. तीन वर्षांपूर्वी आमच्या गावात एक रोपेवाला टेम्पो घेऊन आला. सफरचंदाएवढ्या बोराचे चित्र दाखवले, आम्ही बायाबापड्यांनी घरटी दोन-दोन रोपे घेतली. पहिल्या उन्हाळ्यात निम्मी गेली. पिशवीत सोटमूळ वेटोळे होऊन बसले होते, ते खाली गेलेच नाही. जी जगली त्यांतल्या कित्येकांना पुढे काटेरी, बारीक, आंबट बोरे लागली. आम्ही म्हणालो, फसवले. फसवले असेलही. पण थोडी चूक आमचीही होती. कलमाच्या डोळ्याखालून खुंटाची फूट येत होती. झाड जोमात आहे म्हणून आम्ही ती कौतुकाने वाढू दिली. गावठी फुटीने वरचा चांगला डोळा मारून टाकला. हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते, म्हणून आज आम्ही तुम्हाला सांगतो.

जात निवडताना तीन प्रश्न विचारा. पाणी किती? खाणार कोण? विकायचे तर कुठे? उमराण मोठे, लांबट, पिवळेधमक, उशिरा येणारे. वाहतुकीत टिकते, म्हणून बाजाराला चांगले. गोला लवकर तयार होते आणि कमी पावसाच्या मुलखात नाव मिळवून आहे. जळगावकडचे मेहरूण आकाराने लहान, पण गोडीला त्याची सर दुसऱ्याला नाही. घरात लेकरे असतील तर तेच लावा. ॲपल बोराला आकार येतो तो पाण्यावर. ज्याच्याकडे हिवाळ्यात पाणी देण्याची सोय नाही, त्याने चित्राला भुलू नये.

आणखी एक. बोराच्या बऱ्याच जातींना स्वतःच्या परागाने नीट फळ धरत नाही. शेजारी दुसऱ्या जातीचे झाड हवे. म्हणून एका घरी उमराण लावले तर शेजारणीने गोला किंवा मेहरूण लावावे. माश्या, मधमाश्या कुंपण मानत नाहीत. फुलोऱ्याच्या दिवसांत मात्र झाडावर जहाल औषध मारू नका, नाहीतर फळ धरणारे कामगारच मरतील.

रोप विकत आणायलाच हवे असे नाही. तुमच्या बांधावर, परसात गावठी बोर उभे असेल, तर निम्मे काम झालेलेच आहे. मूळ तुमचे, फक्त डोळा चांगल्या जातीचा आणायचा. चैत्र-वैशाखात त्या झाडाचे खोड गुडघ्याएवढे ठेवून कापा. नवे धुमारे फुटतील. जोमदार दोन-तीन ठेवा, बाकी काढा. पेन्सिलीएवढे जाड झाले की पावसाळ्यात, ज्येष्ठ ते श्रावण, त्यावर डोळा भरा. डोळकाडी अशा झाडाची घ्या, ज्याची बोरे तुम्ही स्वतः खाल्ली आहेत. सालीला इंग्रजी 'टी' अक्षरासारखा छेद द्या, ढालीच्या आकाराचा डोळा आत सरकवा आणि डोळा उघडा ठेवून प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधा. तीन आठवड्यांनी डोळा हिरवा दिसला तर जमले. मग वरचा शेंडा छाटा. डोळ्याखाली फूट दिसली की ती नखाने खुडायची, दर आठ दिवसांनी.

झाड नसेल तर बी जागेवरच लावा. गावठी बोराच्या आठळ्या मिठाच्या पाण्यात टाका. तरंगतील त्या फेकून द्या, बुडतील त्या धुऊन घ्या. आतल्या बीला धक्का न लावता कवच हलकेच फोडले तर उगवण लवकर होते. खड्ड्यात माती आणि कुजलेले शेणखत भरून, पावसाच्या सुरुवातीला दोन-तीन बिया टोका, पुढे एकच रोप ठेवा. दोन झाडांत वीस फूट अंतर हवे. पहिला उन्हाळा न्हाणीचे पाणी वळवा आणि शेळीपासून राखा. पुढच्या पावसाळ्यात डोळा भरा.

छाटणीला मात्र मन घट्ट करावे लागते. बोराला फळ लागते ते नव्या फुटीवर. म्हणून दरसाल पानगळ झाल्यावर, चैत्राच्या अखेरीला, गेल्या साली वाढलेली फांदी पंधरा-वीस डोळे ठेवून कापायची. वाळलेल्या, आत वाढलेल्या फांद्या मुळापासून काढायच्या. छाटलेले काटे कुंपणाला होतात. न छाटलेले झाड उंच जाते आणि बोर बारीक होत जाते.

दुखणी दोन. फळे धरताना पांढरी भुरी दिसली तर दहा लिटर पाण्यात पंचवीस ग्रॅम पाण्यात मिसळणारे गंधक टाकून फवारा. किडके बोर निघते ते फळमाशीचे काम. त्यावर औषधापेक्षा झाडणी बरी. गळालेले प्रत्येक बोर वेचून खोल पुरा आणि उन्हाळ्यात झाडाखालची माती कुदळीने हलवा, म्हणजे तिचे कोष उन्हाने मरतील.

फळ आले की आधी घरात खा. लेकरांनी खिसे भरावेत. उरले तर वाळवा, बोरकूट करा, बाजाराच्या दिवशी टोपली नेऊन बसा. त्या टोपलीचा पैसा मात्र जिने झाड वाढवले तिच्या हातात राहिला पाहिजे. तो बियाण्याच्या दुकानदाराकडे वळवला, तर परसही कापसाच्या वाटेने गेला म्हणून समजा.

आता काम सांगतो. गावी परत गेल्यावर प्रत्येकाने आपल्या शिवारातले सर्वांत गोड बोर कोणाचे, ते शोधून ठेवायचे. डोळे भरता येणारी एक बाई आणि एक पोरगा प्रत्येक गावात तयार झाला, तर रोपेवाल्याच्या टेम्पोची वाट पाहावी लागणार नाही. भावासाठी रस्त्यावर यायचे आहेच. पण रस्त्यावरून घरी परतल्यावर लेकराच्या हातात ठेवायला आपल्याच दारचे मूठभर बोर असावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.