भोळ्याचा वाटा



आपल्या भंडारा जिल्ह्यात तलाव पुष्कळ, धानाच्या बांध्या पुष्कळ, आणि गाव म्हटले की त्यात एखादा भोळा माणूसही असतोच. कोणी त्याला अर्धवट म्हणतो, कोणी येडा म्हणून हाक मारतो. तो ढोरे राखतो, रोवणीच्या दिवसांत पऱ्ह्यांच्या जुड्या बांधीत नेऊन टाकतो, लग्नाच्या मांडवात पाणी वाहतो. गावाचा त्याच्यावर जीवही असतो. पण बाप वारला आणि भावाभावांत शेताची वाटणी निघाली, की प्रश्न उभा राहतो: याचे नाव सातबाऱ्यावर राहणार की जाणार? आज मी याच प्रश्नाविषयी बोलणार आहे.

आधी एक घोटाळा दूर करू. मनोविकार ही वेगळी गोष्ट आणि बुद्धीची वाढ कमी असणे ही वेगळी गोष्ट. मनोविकार कोणालाही, कोणत्याही वयात होतो आणि त्यावर औषधोपचार असतात. बुद्धीची वाढ लहानपणापासूनच कमी असते. तिला पूर्वी मतिमंदत्व म्हणत, आता कायद्यात बौद्धिक अक्षमता म्हणतात. तिसरा प्रकार आणखी निराळा. मुलाची बुद्धी चांगली, पण अक्षरे उलटसुलट दिसतात, वाचन जमत नाही, हिशेब चुकतो. ती अध्ययन अक्षमता. अशा मुलाला मास्तर आळशी समजून छडी मारतात, हा त्याच्यावर अन्याय आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने या तिन्ही गोष्टी आपल्या २१ प्रकारांच्या यादीत वेगवेगळ्या धरल्या आहेत. अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र मिळालेल्या मुलाला बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो, लेखनिकही मिळू शकतो.

आता वाटणीकडे वळू. समजा, लाखनी किंवा साकोली तालुक्यात एक घर आहे. तीन भाऊ, त्यांतला मधला भोळा. थोरला म्हणतो, "त्याले का करायची जमीन? आमी खाऊ घालतोच ना त्याले!" असे बोलणारा माणूस लबाडच असतो असे नाही. पुष्कळदा तो खरोखरच भावाला जेवू घालतो. पण हा थोरला उद्या नसला तर? त्याच्या मुलांनी चुलत्याला ताटावरून उठवले, तर त्या बिचाऱ्याने कोणता कागद दाखवायचा? शेत विकले गेले, किंवा गोसीखुर्दसारख्या धरणात गेले, तरी पैसा ज्याचे नाव कागदावर आहे त्यालाच मिळतो.

"खाऊ घालतो, म्हणून वाटा नाही" हा विचार नवा नाही. जुन्या हिंदू धर्मशास्त्रात जन्मतः मंदबुद्धी असलेल्याला वारसा नव्हता. त्याचा हक्क अन्नवस्त्रापुरताच होता. १९२८ साली इंग्रजी अमदानीत कायदा झाला आणि आंधळ्या, मुक्या, पांगळ्यांना वारसा खुला झाला. पण जन्मापासून मंदबुद्धी किंवा वेडा असलेल्याला त्या कायद्यानेही बाहेरच ठेवले. ते दार उघडले १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने. त्याचे २८ वे कलम सांगते की रोग, व्यंग किंवा दोष आहे एवढ्यावरून कोणाचाही वारसा जाणार नाही. हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख या सर्वांना लागू आहे. तेव्हा अन्नवस्त्र देऊन वाटा बुडवण्याचे दिवस १९५६ सालीच संपले. आपल्या ओसरीवर मात्र अजून ते पुरते संपलेले नाहीत.

कोणी म्हणेल, "त्याने आपल्या खुशीने हक्कसोड करून दिले, अंगठा दिला." यावर दोन गोष्टी सांगतो. १८७२ चा करार कायदा म्हणतो की ज्याला व्यवहार समजत नाही आणि आपले हित कशात आहे ते ठरवता येत नाही, त्याचा करार टिकत नाही. म्हणजे नुसत्या अंगठ्याने तो कागद पक्का होत नाही. दुसरी गोष्ट २०१६ च्या कायद्यातली. १३ व्या कलमात म्हटले आहे की दिव्यांग माणसालाही मालमत्ता बाळगण्याचा, वारसाने घेण्याचा आणि आपला पैसा सांभाळण्याचा हक्क इतरांसारखाच आहे. त्यासाठी त्याला मदत घेता येते. मात्र मदत करणाऱ्याचा त्याच व्यवहारात स्वतःचा स्वार्थ असेल, तर त्याने त्या व्यवहारापुरते बाजूला राहायचे. जमीन ज्याच्या नावावर जाणार, त्यानेच भावाचा हात धरून अंगठा उठवायचा, हे कायद्याला मंजूर नाही.

मग त्याच्या वतीने बोलायचे कोणी? आईबाप हे मुलाचे नैसर्गिक पालक, पण ते अठरा वर्षांपर्यंत. पुढे काय, ही चिंता मतिमंद मुलाच्या प्रत्येक आईला पोखरते. अमरावती जिल्ह्यात परतवाड्याजवळ वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेल्या मतिमंद आणि मूकबधिर मुलांना आपले नाव दिले. बालगृहातल्या मुलाने अठराव्या वर्षी बाहेर पडावे असा नियम. ही मुले जाणार कोठे, हा सवाल त्यांनी वर्षानुवर्षे सरकारपुढे लावून धरला. २०२४ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

घरी राहणाऱ्या मुलासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने एक वाट काढून दिली आहे. मतिमंदत्व, स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी हा कायदा आहे. जिल्हाधिकाऱ्यांसह तिघांची एक स्थानिक समिती असते. त्यात नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्तीही असते. आईबापांनी किंवा नातेवाइकाने अर्ज केला, की ही समिती पालक नेमते. पालकाने सहा महिन्यांच्या आत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी द्यायची, आणि पुढे दरवर्षी हिशेब द्यायचा. त्याने हेळसांड केली किंवा मालमत्ता गिळली, तर समिती त्याला काढू शकते. पालक म्हणजे मालक नव्हे, हे येथे ध्यानात घ्यावे.

मंडळी, वाटा नुसता जमिनीतला नसतो. माणसाचा स्वतःच्या शरीरावरही हक्क असतो. १९९४ च्या फेब्रुवारीत शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या काही मतिमंद तरुणींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली. पाळीच्या दिवसांत त्यांना स्वच्छता राखता येत नाही, असे कारण दिले गेले. त्यावर गहजब झाला आणि पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. पुढे २००९ साली चंदीगडच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सौम्य मतिमंदत्व असलेल्या सज्ञान स्त्रीचा गर्भ तिच्या संमतीवाचून पाडता येणार नाही. २०१६ च्या कायद्यानेही मोकळ्या आणि समजून दिलेल्या संमतीशिवाय कोणाही दिव्यांगाला वंध्य करण्यास मनाई केली आहे. याच कायद्याच्या ९२ व्या कलमाप्रमाणे चारचौघांत अपमान करण्याच्या हेतूने दिव्यांगाला हिणवणे हा गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. पारावर बसून येडा म्हणून खडे मारणाऱ्या पोरांच्या बापांनी हे ऐकून ठेवावे.

आता करायचे काय, ते थोडक्यात सांगतो. पहिले काम प्रमाणपत्राचे. ते जिल्हा रुग्णालयात तपासणी करून मिळते. चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक अक्षमता ठरली, की पुष्कळ सवलतींचे दार उघडते. दुसरे काम, मुलगा अठरा वर्षांचा झाला की पालकासाठी समितीकडे अर्ज करणे. आईबाप हयात असतानाच हे करावे. तिसरे, घरात कोणी वारले की तलाठ्याकडे, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांच्याकडे, वारसनोंदीत भोळ्याचेही नाव सांगावे. फेरफाराची नोटीस लागली की नावे वाचून घ्यावीत, आणि नाव गळले असेल तर मुदतीत लेखी हरकत द्यावी. चौथे, तंटा उभा राहिलाच तर भंडाऱ्याच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे दिव्यांग माणसाला तेथे वकील फुकट मिळतो.

आणि पाचवे काम कोणत्याही कचेरीतले नाही. वाटणीला बसाल तेव्हा त्यालाही ओसरीवर बोलवा. त्याला समजेल अशा बोलीत सांगा, "ही तलावाखालची बांधी तुझी, ही माझी. इथं अंगठा दिलास, तर तुझी राहणार नाही." सावकाश सांगा, दोनदा सांगा, आणि तो काय म्हणतो ते ऐकून घ्या. त्याला सारेच कळेल असे नाही. पण बापाने आपल्यासाठी काय ठेवले, एवढे बहुतेकांना कळते.