6174 : देवळालीच्या मास्तरांची संख्या

कळंबोलीला वाहतूक तुंबली, की पुढच्या गाडीची नंबरप्लेट वाचण्यावाचून दुसरे काम उरत नाही. गाडी पनवेलची असेल तर आधी एमएच 46, मग अक्षरे, शेवटी चार आकडे. हे चार आकडे उतरत्या क्रमाने लावावेत, मग चढत्या क्रमाने, आणि मोठ्या संख्येतून लहान वजा करावी. उत्तरावर पुन्हा हेच. शून्य आले तर तेही आकडा म्हणून धरायचे. फार तर सात वजाबाक्यांत 6174 समोर येते आणि मग हलत नाही, कारण 7641 वजा 1467 म्हणजे पुन्हा 6174.

ही गंमत शोधली दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी. जन्म डहाणूचा, 1905 सालचा. शिक्षण ठाण्यात आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात. नोकरी 1930 पासून 1962 पर्यंत देवळालीच्या शाळेत मास्तरकीची. पदव्युत्तर पदवी नाही. त्यामुळे बड्या गणितज्ञांपैकी अनेकांनी त्यांचे काम पोरखेळात काढले. 1975 साली अमेरिकेतल्या मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा कुठे हे नाव जगभर पोचले. मास्तर तोवर सत्तरीत होते.

त्यांचे जन्मसालच घेऊन पाहा. 9510 मधून 0159 गेले, उरले 9351. पुढे क्रमाने 8172, 7443, 3996, 6264, 4176 आणि सातव्या खेपेला 6174. मास्तरांच्या सालाने पुऱ्या सात पायऱ्या घेतल्या!

यात जादू नाही. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यांतला फरक 999 ने गुणायचा, मधल्या दोघांतला फरक 90 ने, आणि बेरीज करायची. पहिल्या वजाबाकीचे उत्तर तयार. असे फरक धरले तर उत्तरे निघतात अवघी 54. म्हणजे हजारो संख्या एका पावलात चोपन्नांवर येतात, आणि चोपन्न उदाहरणे तर शाळकरी पोरही वहीत तपासून टाकेल.

अपवाद एकच, चारही आकडे सारखे असण्याचा. 7777 किंवा 9999 घेतले तर पहिल्याच वजाबाकीला हाती शून्य. आरटीओत जादा पैसे मोजून लोक नेमके हेच नंबर घेतात!

6174 चे आणखी एक अंग आहे. तिच्या आकड्यांची बेरीज 18. त्या 18 ने तिला भागले की येतात 343, म्हणजे साताचा घन. आकड्यांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनीच ‘हर्षद’ हे नाव दिले. शिवाय 18, अठराचा वर्ग 324 आणि घन 5832 यांची बेरीज करा : 6174.

तीन आकड्यांना असाच मुक्काम 495 चा. पाच आकड्यांना मात्र एकही मुक्काम नाही, नुसती चक्रे. सहा आकड्यांत 549945 आणि 631764 या दोन संख्या स्थिर आहेत, आणि सोबत सात संख्यांचे एक चक्रही आहे. पनवेलचा पिनकोड 410206 घेतला तर तो त्या चक्रातच जाऊन अडकतो. सातव्या वजाबाकीला 420876 येते, चौदाव्याला पुन्हा 420876, आणि एकविसाव्यालाही तेच.