चुकायला थोडी जागा
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



सकाळपासून आठवणींचा फड रंगला आहे. वक्तृत्व स्पर्धेत कोण भाषण विसरून व्यासपीठावरून पळाला, प्रार्थनेत कोणाचा आवाज फाटला, यावर आपण पोट धरून हसलो. हसू शकलो, कारण त्या फजितीचं चित्रीकरण कोणाकडे नाही. चार दिवस चिडवलं आणि विषय संपला.

मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. माझ्या वर्गातली मुलं 2008-09च्या सुमारास जन्मलेली. फेसबुकवर ‘लाइक’चं बटण 2009 मध्ये आलं, इन्स्टाग्राम 2010 मध्ये. 2016 साली जिओमुळे इंटरनेट स्वस्त झालं, तेव्हा ही मुलं दुसरी-तिसरीत होती. आपल्याला कोणीतरी सतत बघतंय, मोजतंय, या जाणिवेतच ती वाढली.

लेखी परीक्षेत उत्तम गुण मिळवणारी मुलगी तोंडी परीक्षेला घामाघूम होते. अनोळखी माणसाला फोन करायचा म्हटलं की काही मुलं मोबाइल आईच्या हातात देतात. चॅटवर वाक्य खोडून पुन्हा लिहिता येतं; समोर उभ्या माणसापुढे ती सोय नाही.

सगळा दोष मोबाइलचा, असं मी म्हणणार नाही. बुजरी मुलं आपल्या वर्गातही होती. एकट्या पडलेल्या मुलाला याच मोबाइलवर मित्रही मिळतात. पण भीतीचा एक स्वभाव आहे. प्रसंग टाळला की लगेच हायसं वाटतं आणि पुढच्या वेळी तीच भीती दुप्पट होऊन येते. ती ओसरते छोट्या छोट्या सरावाने. आज दुकानात भाव विचारायचा, उद्या वर्गात एक शंका.

सर, मराठीच्या तासाला तुम्ही बाकाबाकाने धडा वाचायला लावायचात. आपली पाळी येऊ नये म्हणून आम्ही देव पाण्यात घालून बसायचो. आता कळतं, तो सरावच होता. आणि तिथे चुकलेला शब्द वर्गाच्या दाराबाहेर जात नव्हता.

म्हणून आज आईबाप, आजी-आजोबा झालेल्या आपल्या सगळ्यांना माझी विनंती. मूल अडखळत असेल तेव्हा मोबाइल खिशात ठेवा. त्याचं उत्तर तुम्ही देऊ नका, थोडं थांबा. ‘नखरे करतोय’ म्हणू नका. भीतीपायी कॉलेज, जेवण, झोप सुटू लागली, तर तज्ज्ञांकडे न्या. सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे.

शाळेला देणगी आपण देऊच. सोबत महिन्यातून एक तासही देऊ या. आपल्यातल्या दोघांनी यावं, मोबाइल ऑफिसात ठेवावेत आणि मुलांना मोठ्याने वाचू, बोलू, चुकू द्यावं. पहिल्या तासाला मी येते. माझ्याबरोबर कोण येतंय, ते जेवणाआधी सांगा.