शंभर माणसांचा किनारा



अंटार्क्टिकाच्या कोणत्याही किनाऱ्यावर एका वेळी १०० पेक्षा जास्त पर्यटकांनी पाऊल ठेवायचं नाही, असा नियम आहे. ५०० पेक्षा जास्त प्रवासी असलेल्या जहाजाला तर माणसं उतरवताच येत नाहीत. दर २० पर्यटकांमागे एक मार्गदर्शक हवा, आणि एका जागी एका वेळी एकाच जहाजाचे प्रवासी. छोट्या मोहीम-जहाजांचं सगळं गणित या आकड्यांपासून सुरू होतं. दोन-तीन हजार प्रवाशांचं जहाज तिथवर गेलंच, तर लोकांनी डेकवरून बर्फ पाहायचा आणि परत फिरायचं. शंभर-दीडशे प्रवाशांचं जहाज मात्र खाडीत शिरतं, झोडियाक म्हणतात त्या फुगवलेल्या रबरी होड्या पाण्यात सोडतं आणि दहा-दहा जणांना थेट पेंग्विनांच्या वसाहतीपाशी नेतं.

लहान जहाजाला जवळ जाता येतं. पण ते जितकं आत जातं, तितकी मदत लांब पडते. या प्रवासातलं शहाणपण त्या अंतराचा हिशेब ठेवण्यात आहे, आणि आजच्या व्याख्यानाचा विषय तोच आहे.

या पर्यटनाला वळण दिलं लार्स-एरिक लिंडब्लाड यांनी. स्वीडनमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत प्रवासाचा व्यवसाय करणाऱ्या या गृहस्थांनी १९६६ मध्ये अर्जेंटिनाच्या नौदलाचं जहाज भाड्याने घेतलं आणि पर्यटकांना अंटार्क्टिकाला नेलं. १९६९ मध्ये त्यांनी खास या कामासाठी फिनलंडमध्ये जहाज बांधून घेतलं. त्याचं नाव ‘लिंडब्लाड एक्सप्लोरर’. लाल रंगाचं, जेमतेम ७३ मीटर लांब. सोबत शास्त्रज्ञ न्यायचे, समुद्रावर असताना प्रवाशांना त्यांची व्याख्यानं ऐकवायची आणि जमीन आली की होडीने उतरायचं, ही पद्धत त्यांनीच रूढ केली. आजही अर्जेंटिनातल्या उशुआया बंदरातून निघालेली जहाजं ड्रेक सामुद्रधुनी ओलांडायला सुमारे दोन दिवस घेतात, आणि त्या दोन दिवसांत पक्षी, देवमासे, हिमनद्या यांवर व्याख्यानं होतात.

त्यात सर्वांत मोलाचा विषय बर्फाचा. समुद्राचं पाणी उणे १.८ अंशाच्या आसपास गोठतं. गोठताना मीठ बाहेर ढकललं जातं, तरी खाऱ्या पाण्याचे बारीक कप्पे आत उरतात. म्हणून एका हिवाळ्यात तयार झालेला बर्फ तुलनेने मऊ असतो. तो उन्हाळ्यात टिकला, तर खारं पाणी झिरपून जातं आणि पुढच्या वर्षी तोच बर्फ कठीण होतो. हिमनदीचा बर्फ याहून वेगळा. शतकानुशतकं पडलेला हिम स्वतःच्याच वजनाने दाबला जाऊन तो बनतो, आणि त्याचे तुटलेले तुकडे दगडासारखे लागतात. डोंगराएवढा हिमनग रडारवर स्पष्ट दिसतो. पाण्याच्या पातळीला जेमतेम डोकं काढणारा, मोटारगाडीएवढा तुकडा मात्र लाटांमध्ये हरवतो. जहाजाची नाळ कितीही मजबूत असो, समोर कोणता बर्फ आहे हे ओळखणारा डोळा आधी हवा.

लिंडब्लाड यांचंच जहाज याची साक्ष ठरलं. मालक बदलले, नाव नुसतं ‘एक्सप्लोरर’ उरलं. २३ नोव्हेंबर २००७ रोजी, मध्यरात्रीनंतर, किंग जॉर्ज बेटाजवळ ते बर्फात घुसलं आणि त्याचं पोलादी कवच फाटलं. प्रवासी आणि कर्मचारी मिळून १५४ जण जहाज सोडून होड्यांमध्ये उतरले. त्यातल्या बऱ्याच होड्यांना छप्परही नव्हतं. काही तास ते थंडीत कुडकुडत बसले. नॉर्वेचं ‘नॉर्डनॉर्गे’ हे जहाज त्याच भागात होतं. ते वेळेवर पोचलं, आणि एकही जीव गेला नाही. त्याच दिवशी ‘एक्सप्लोरर’ बुडालं. पुढे चौकशी अहवालात निष्कर्ष निघाला, की समोरचा बर्फ प्रत्यक्षात होता त्याहून मऊ समजला गेला होता.

त्या दिवशी समुद्र शांत होता आणि दुसरं जहाज जवळ होतं. यांतली एक जरी गोष्ट नसती, तर आज हा प्रसंग फार वेगळ्या शब्दांत सांगावा लागला असता.

कधी कवच शाबूत राहतं आणि वाटच बंद होते. डिसेंबर २०१३ मध्ये ‘अकादेमिक शोकाल्स्की’ हे रशियन जहाज कॉमनवेल्थ उपसागराजवळ अडकलं. वाऱ्याने जुना, जाड बर्फ ढकलून आणला आणि जहाजाला चहूबाजूंनी घेरलं. चीनचं ‘श्वे लोंग’ हे बर्फफोडं जहाज मदतीला निघालं, पण तेही पुढे जाऊ शकलं नाही. अखेर त्याच्या हेलिकॉप्टरने २ जानेवारीला ५२ प्रवाशांना ऑस्ट्रेलियाच्या ‘ऑरोरा ऑस्ट्रॅलिस’ या जहाजाकडे पोचवलं. नंतर ‘श्वे लोंग’ स्वतःच बर्फात अडकलं. मग काही दिवसांनी वारा फिरला, बर्फ फाकला, आणि दोन्ही जहाजं आपापल्या बळावर बाहेर आली. तीन देशांच्या जहाजांना जमलं नाही, ते वाऱ्याची दिशा बदलताच झालं.

अशा अनुभवांचं वजन नियमांत उतरलं. १ जानेवारी २०१७ पासून ध्रुवीय संहिता लागू झाली. जहाजाला किती जाडीच्या बर्फात जाता येईल, हे आता वर्गवारीने ठरतं. जीवरक्षक होड्या पूर्णपणे किंवा निदान अंशतः बंदिस्त हव्यात, आणि मदत येईपर्यंत किमान पाच दिवस माणसं तग धरतील अशी सोय हवी. त्याआधीच, ऑगस्ट २०११ पासून, जड इंधन तेल अंटार्क्टिकाच्या समुद्रात नेण्यास बंदी आली. तिथे तेल सांडलं, तर ते साफ करायला कोण आणि कधी पोचणार?

हे प्रश्न आपल्यापासून दूरचे नाहीत. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहूनच निघाली, ‘पोलर सर्कल’ या भाड्याच्या नॉर्वेजियन जहाजातून. १९८३च्या तिसऱ्या मोहिमेत नागपूरच्या सागरशास्त्रज्ञ डॉ. अदिती पंत होत्या. ध्रुवीय संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आज वास्को-द-गामा इथे आहे, आणि २०२२ मध्ये भारताने अंटार्क्टिकासाठी स्वतंत्र कायदाही केला.

आता एका हंगामात लाखाहून अधिक पर्यटक तिकडे जातात. किंग जॉर्ज बेटावर बाहेरून आलेलं गवत रुजल्याची नोंद आहे. बर्ड फ्लूही त्या खंडापर्यंत पोचला आहे. म्हणून उतरण्याआधी बूट जंतुनाशकात धुतात, खिसे आणि पिशव्यांची शिवण तपासून बिया काढतात, आणि पेंग्विनांपासून किमान पाच मीटर लांब राहायला सांगतात. हे सगळं मनापासून पाळायला हवं, कारण ज्यांच्या घरी आपण जातो, ते तक्रार करू शकत नाहीत.

तुमच्यापैकी कोणी या प्रवासाचा विचार करत असेल, तर पैसे भरण्यापूर्वी काही गोष्टी जरूर विचारा. जहाजावर एकूण प्रवासी किती? ध्रुवीय संहितेप्रमाणे त्याचा वर्ग कोणता? कप्तानाने याआधी त्या पाण्यात किती हंगाम काढले आहेत? किनाऱ्यावर उतरणं रद्द झालं, तर त्या दिवसाचं काय? या शेवटच्या प्रश्नाला ‘आम्ही उतरवतोच’ असं उत्तर देणाऱ्या कंपनीचं तिकीट काढू नका.