६१७४ : देवळालीच्या मास्तरांची संख्या



गणिताचे नाव काढले की मागच्या रांगा हळूच रिकाम्या होऊ लागतात, हे आम्ही जाणून आहो. म्हणून आधी कागद-पेन्सिल काढावी, एवढीच विनंती. आपल्या शहराच्या स्थापनेचे साल घ्या : १४९०. अंक उतरत्या क्रमाने मांडा, ९४१०. चढत्या क्रमाने मांडा, ०१४९. वजाबाकी ९२६१. तिचेही तसेच करा : ९६२१ उणे १२६९, आले ८३५२. पुन्हा ८५३२ उणे २३५८, म्हणजे ६१७४. आणि ६१७४ वर हाच प्रयोग केला, तर ७६४१ उणे १४६७, पुन्हा ६१७४! संख्या जागची हलत नाही.

हा योगायोग वाटत असेल, तर पंडित नेहरूंना येथल्या किल्ल्यात स्थानबद्ध केले ते साल घ्या, १९४२. ही वाट लांबची आहे : ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सहाव्या पायरीस ६१७४. चारही अंक सारखे नसले, म्हणजे कोणतीही चार अंकी संख्या फार तर सात पायऱ्यांत येथे येते. मध्ये तीनच अंक उरले तर डावीकडे शून्य मांडावे.

ही गोष्ट जगाला सांगितली दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी. ते देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ पर्यंत शिक्षक होते. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ती मांडली, १९५५ साली 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका'त छापली. पदव्युत्तर शिक्षणाचे पाठबळ नव्हते. पुष्कळांनी हा मास्तरांचा फावल्या वेळचा खेळ मानला. १९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिले, तेव्हा त्यांचे नाव दूरवर गेले. परदेशाची मोहोर उमटल्याखेरीज आपल्याला आपला माणूस दिसत नाही, हे जुनेच दुखणे!

पण आक्षेप अगदी पोकळ नव्हता. खुद्द हार्डी यांनी १९४० साली लिहून ठेवले आहे की, ८७१२ ही २१७८ ची चौपट, असल्या गमती कोड्यांच्या सदरात शोभतात. गणितज्ञाला त्यांत गोडी नाही. ६१७४ देखील दशमान पद्धतीचे लेकरू आहे. आठच्या पायावर मोजणाऱ्यांना ते भेटणार नाही, हे आम्हांस मान्य आहे. मात्र 'असे का?' हा प्रश्न निघाला की खेळाचे गणित होते, असे आमचे मत आहे.

ते कसे, पाहा. उतरत्या क्रमात पहिल्या व शेवटच्या अंकांतील फरकाला ९९९ ने गुणा, मधल्या दोहोंतील फरकाला ९० ने गुणा; बेरीज केली की वजाबाकी आयती मिळते. ७६४१ मध्ये हे फरक ६ आणि २. ५९९४ अधिक १८०, झाले ६१७४. दुसरा फरक पहिल्याहून मोठा असू शकत नाही. म्हणून अशा जोड्या ५४ च निघतात. हजारो संख्या पहिल्याच पायरीत ५४ वर येतात! त्या ५४ तपासणे एका दुपारचे काम. तपासल्या की सिद्धता पुरी झाली.

तीन अंकी संख्यांना असाच मुक्काम आहे, ४९५. पाच अंकांत असा एकही नाही. दोन निरनिराळ्या अंकांच्या संख्या तर थांबतच नाहीत. ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ०९, असा फेरा घालत राहतात.