किट कुणी ठरवलं?

कळंबोलीहून निघालेला मुंब्रा-पनवेल रस्ता जिथे पोहोचतो, तिथे १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली हजारो मुस्लिम कुटुंबं राहायला गेली. घरासोबत अनेक बायकांची कामं सुटली, मुलींच्या शाळा सुटल्या. समाजाने मदत केली, नाही असं नाही. पण मदत म्हणजे राशनचं किट, फार तर शिलाई मशीन!

‘आवाज-ए-निस्वाँ’च्या बायकांनी वेगळा विचार केला. त्यांनी मुंब्र्यात मुलींसाठी ‘रेहनुमा’ वाचनालय काढलं. मग २०१२ मध्ये ‘परचम’च्या मुली फुटबॉल खेळायला उतरल्या, मैदानावर हक्क सांगू लागल्या. फुटबॉलसाठी कोण देणगी देतं? मी म्हणते, द्यावी. वकिलाच्या फीसाठी, लोकलच्या पाससाठीही द्यावी.

सूरह तौबाच्या ६० व्या आयतीत जकातीचे आठ हकदार सांगितलेत. त्यात कर्जदार आहे, मुसाफिर आहे. सदक्याला तर तेवढीही अट नाही. तरी घर सुटलेल्या बाईला काय हवं, हे तिला न विचारताच ठरतं.

तुमच्या मोहल्ल्यातल्या बैतुलमालच्या कमिटीत बायका किती? येत्या जुम्म्याला विचारून या.