पवनीची सायकल-सहल
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



पवनीच्या सहलीविषयी मी दोन शब्द बोलावे अशी आपली आज्ञा झाली. मी काही बोलकी नव्हे. पण त्या दिवशी सर्वांत जास्त वेळा पडले ती मीच, तेव्हा हा मान माझाच म्हणावयाचा!

लहानपणी सायकल माझ्या वाट्याला आली नाही. सातवीनंतरची शाळा लांब, घरात सायकल एक, आणि ती भावाची. "पोरीले काय करायची सायकल?" असे वडील म्हणाले, रागाने नव्हे, अगदी सहज. माझी शाळा तिथेच संपली. आज माझी नात सरकारी योजनेतून मिळालेल्या सायकलीवर शाळेत जाते. त्याच सायकलीवर साठीत मी तोल सांभाळावयास शिकले. शिकवणारी नात, आणि रागावणारीही नातच.

बपेऱ्याहून पवनीपर्यंत सायकल हाणणे आपल्या आवाक्यातले नाही. म्हणून नऊ बायका नि नऊ सायकली मेटॅडोरने नेल्या आणि गावाबाहेर उतरवल्या. एका अंगाला वैनगंगा, बाकीच्या बाजूंना मातीचा तट आणि खंदक, अशी ही जुनी नगरी. तटाजवळच्या चढावर आम्ही साऱ्याजणी मुकाट्याने उतरून चालू लागलो. गल्ल्या अरुंद, देवळे पावलोपावली. एका वळणावर समोरून म्हैस आली, मी ब्रेकऐवजी घंटी दाबली, आणि पुढचे आपणांस ठाऊकच आहे.

घाटावर पोचल्यावर मात्र कोणी फारसे बोलले नाही. आपल्या बावनथडीचे पाणी वैनगंगेला मिळून इथवर येते. वर गोसीखुर्दला धरण झाल्यापासून (त्याची पायाभरणी 1988 सालची) पाणी तिथेच अडते. वाहती नदी बघावयास गेलेल्या आम्हांला तळे दिसले. 2020 च्या ऑगस्टअखेरीस ह्याच नदीने केवढा कहर केला, हे त्या शांत पाण्याकडे बघून खरे वाटेना.

तिथून जगन्नाथ टेकडीवर गेलो. 1969-70 साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व खात्याने मिळून इथे खोदकाम केले, तेव्हा विटांचा प्राचीन बौद्ध स्तूप आणि त्याभोवतीच्या दगडी कठड्याचे खांब मिळाले. एका खांबावर पाच फण्यांचा मुचलिंद नाग कोरलेला आहे. खाली आसन आहे, पण बुद्धांची मूर्ती नाही. त्या काळी आसनावरूनच ओळखावयाचे, अशी रीत होती. मला नवल वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. खांबांवर दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत, आणि त्यांत बायकांचीही आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या बायका! त्यांच्या हाती स्वतःचे म्हणून काही होते, तेव्हाच ना त्यांनी ते दिले? आमच्या कोषाध्यक्षबाई म्हणाल्या, "म्हणजे वर्गणीची वही दगडावर लिहिलेली!" आम्ही हसलो. मला मात्र वडिलांचे बोलणे आठवले, आणि मी उगीचच पदराने सायकलीची सीट पुसत राहिले.

येताना अंधार झाला. नात दारातच उभी होती. तिने आधी सायकल निरखली, मग मला. "आजी, घंटी वाकवली तू!"

घंटीचे पैसे सहलीच्या हिशोबात धरू नयेत. ते मी तिला दिले आहेत.